९९ मोठं की १००?

सुट्टीत हिरकणीवाडीला घरी आलो होतो. पडवीत बसून प्रयोगाचा तक्ता उघडला आणि पोटात गोळाच आला. वेगवेगळ्या ब्राउझरमध्ये मराठी पानं किती वेळात उघडतात, याच्या त्या नोंदी. आवृत्तीनुसार क्रम लावला होता, तर क्रोम १०० सगळ्यात वर आणि ९९ पार तळाला! त्याच क्रमाने आलेख काढून 'नव्या आवृत्तीत वेग घटला' असं मी लिहूनही टाकलं होतं. दोन आठवड्यांचं काम पुन्हा करावं लागलं.

चूक कुठे झाली? तक्त्यात तो रकाना मजकूर म्हणून साठवला होता. मजकुराची तुलना शब्दकोशासारखी होते, पहिल्या अक्षरापासून. १ हा ९ च्या आधी येतो, म्हणून १०० हे ९९ च्या आधी. मग दशांश संख्या मानायची का? तेही नको. सातबारा आठवा. ४५/१० हा ४५/९ नंतरचा हिस्सा असतो, आधीचा नाही. आवृत्तीचंही तसंच, ९.१० ही ९.९ च्या पुढची. म्हणून बिंदूपाशी तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा पूर्णांक म्हणून ताडून बघायचा.

या चुकीत तुम्ही एकटे नाही. २००९ मध्ये ऑपेराची दहावी आवृत्ती आली, तेव्हा बऱ्याच साइट एकच अंक वाचून तिला 'आवृत्ती १' समजत होत्या. शेवटी ऑपेराने आपल्या ओळख-ओळीत (ब्राउझर साइटला पाठवतो ती, म्हणजे युजर एजंट) सुरुवातीला ९.८० च ठेवलं आणि खरा आकडा शेवटी लिहिला. २०२२ मध्ये तीच भीती पुन्हा आली. २९ मार्चला क्रोम १००, ३ मे रोजी फायरफॉक्स १००. या वेळी दोन्हीकडे आधीच सोय केली होती. जुन्या आवृत्तीतच आपण '१००' आहोत असं साइटला सांगून चाचणी घेता येत होती.

तुम्हीही असं सोंग घेऊन बघा. क्रोममध्ये एफ-१२ दाबा, डेव्हलपर टूल्समध्ये 'नेटवर्क कंडिशन्स' उघडा आणि तिथे युजर एजंट बदला. पण एक लक्षात ठेवा, यात फक्त नाव बदलतं, आतलं इंजिन तेच राहतं. अशा चाचणीवरून 'जुन्या ब्राउझरमध्ये पान नीट दिसतं' असं प्रबंधात लिहू नका.

आणि ओळख-ओळीवरून आवृत्ती टिपत असाल तर सावध. क्रोम १०१ पासून तिथे मुख्य आकड्यापुढे नुसती शून्यं असतात. पूर्ण आकडा, उदाहरणार्थ १००.०.४८९६.६०, 'अबाउट गूगल क्रोम'मध्ये मिळतो. त्यातला पहिला भाग मुख्य आवृत्ती, तिसरा बिल्ड आणि चौथा दुरुस्ती. दुसरा बहुधा शून्यच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. क्रोम ९४ पासून, म्हणजे सप्टेंबर २०२१ पासून, दर चार आठवड्यांनी नवी मुख्य आवृत्ती यायला लागली आणि ब्राउझर गुपचूप स्वतःला बदलतो. तुमचा प्रयोग दोन महिने चालला, तर सुरुवातीचा आणि शेवटचा ब्राउझर एकच नसतो. म्हणून २०२३ मध्ये आलेलं 'क्रोम फॉर टेस्टिंग' वापरा, ते आपोआप बदलत नाही.

आज एवढंच करा, नोंदवहीत तारखेशेजारी एक रकाना वाढवा : पूर्ण आवृत्ती, चारही भाग. परीक्षक विचारतील तेव्हा उत्तर तयार असेल.