पांढऱ्या धुराची चौकशी

एखादी जुनी फियाट किंवा ॲम्बॅसिडर पांढऱ्या धुराचा लोट सोडीत, हिसके खात रस्त्याने गेली, की बघणारे उभ्या उभ्या निकाल देतात: "इंजिन गेले!" हे दोन शब्द बोलणाऱ्याला फुकट पडतात. ज्याची गाडी असते त्याला मात्र ते पुष्कळ महाग पडू शकतात. गाडी गॅरेजात जाते, इंजिन उतरते, पिस्टन-रिंगा बदलतात, आठ-दहा दिवस धंदा बुडतो. आणि गाडी पुन्हा रस्त्यावर आली की धूर तसाच! मग मालक मिस्त्रीवर रागावतो, मिस्त्री हाताखालच्या पोरावर, आणि शेवटी त्या पोराचा पगार कापला जातो. आमचे आयुष्य कामगारांची गाऱ्हाणी ऐकण्यात गेले, म्हणूनच हा विषय आम्हांला केवळ यंत्राचा वाटत नाही. कामगारावर आरोप आला तर आधी चौकशी, मग साक्षीपुरावा आणि त्यानंतर निकाल, असा न्यायाचा क्रम आहे. यंत्रालाही तोच क्रम लावावा, एवढेच आज सांगावयाचे आहे.

हा विषय आपल्या गावाला परका नाही. १ जून १९४८ रोजी सरकारी एस. टी. ची पहिली गाडी निघाली ती ह्याच नगरहून, पुण्यास. वाहनांवर संशोधन करणारी लष्करी संस्था आपल्याकडे आहे, रणगाड्यांचे संग्रहालय आपल्याकडे आहे. २०२४ साली नाव अहिल्यानगर झाले, तरी गाड्यांशी असलेले आपले नाते जुनेच आहे. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या फियाट व पद्मिनी गाड्या मुंबईच्या टॅक्सीसेवेतून ऑक्टोबर २०२३ मध्ये निघून गेल्या. तरी हौशी माणसांनी व जुन्या घरांनी त्या अजून जपल्या आहेत, आणि पांढऱ्या धुराचा प्रश्न अशा जुन्या गाड्यांना वारंवार पडतो.

पहिला प्रश्न हा, की मुळात गुन्हा घडला आहे काय? पेट्रोल जळते तेव्हा त्यातील हायड्रोजनाचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन पाणी तयार होते. एक लिटर पेट्रोल जळाले की जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने सायलेन्सरमधून बाहेर पडते, हे पुष्कळांना खरे वाटत नाही. पण ते खरे आहे. पौष महिन्यातील नगरच्या पहाटे नळी थंड असते, वाफ तेथे गोठते आणि पांढरी दिसते. चार-पाच मैल गाडी चालल्यावर ती दिसेनाशी झाली, तर गाडी निर्दोष समजावी. वैशाखाच्या भर दुपारी, गाडी पुरती तापल्यावरही पांढरा लोट थांबत नसेल, तर मात्र चौकशी सुरू करावी.

दुसरा प्रश्न रंगाचा व वासाचा. निळसर धूर म्हणजे ऑईल जळते आहे. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त व हवा कमी. दाट पांढरा धूर म्हणजे बहुधा इंजिन थंड ठेवणारे पाणी सिलिंडरात शिरते आहे. वाफ थोडे अंतर जाऊन हवेत विरते; ऑईलचा धूर रस्त्यावर रेंगाळतो. रेडिएटरात कूलंट घातलेले असेल तर धुराला गोडसर वास येतो. डिझेलच्या गाडीत न जळलेले डिझेलही पांढरे दिसते, पण त्याने डोळे चुरचुरतात. ब्रेकला व्हॅक्यूमची जोड असलेल्या गाडीत ब्रेक ऑईल इंजिनात ओढले जाऊनही पांढरा धूर येतो. तेव्हा त्या ऑईलची पातळी पाहण्यास विसरू नये. हा वास नळीला नाक लावून घ्यावयाचा नाही, दुरूनच घ्यावा. बंद गॅरेजात इंजिन चालू ठेवणे तर जिवाशी खेळ आहे. त्या धुरात कार्बन मोनॉक्साईड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो माणसाला झोपेतच नेतो.

आता पाणी आत शिरते कसे ते पाहू. सिलिंडर ज्यात असतात तो ब्लॉक खाली व त्यावर झाकणासारखे हेड. दोहोंच्या मध्ये गॅस्केट नावाचा पातळ पत्रा असतो. जळणारा वायू, पाणी व ऑईल यांच्या वाटा एकमेकींपासून वेगळ्या ठेवण्याचे काम तो करतो. फियाट ११०० चे हेड ॲल्युमिनियमचे व ब्लॉक बिडाचा आहे. तेवढ्याच उष्णतेने ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. इंजिन बेताने तापत असेल तोवर हा संसार चालतो. ते एकदा भलते तापले की हेड वाकडे होते, गॅस्केट फुटते, आणि पाण्याला सिलिंडरात वाट मिळते.

गाडी थरथरते तीही ह्याच कारणाने. चार सिलिंडर म्हणजे ओझे उचलणारे चार गडी. एकाने हात सोडला की उरलेले तिघे लडखडतात. रात्रभर एका सिलिंडरात पाणी झिरपले की सकाळी त्याचा प्लग ओला असतो, ठिणगी पडत नाही, गाडी 'मिसिंग' करते व धूर सोडते. थोड्या वेळाने पाणी जळून गेले की सुरळीत चालू लागते. सकाळचे हिसके आणि दुपारची शांतता ही जोडी मोठी बोलकी आहे. मात्र नुसते मिसिंग म्हणजे गॅस्केट नव्हे. खराब प्लग, चिरलेली वायर, कार्ब्युरेटरमधील कचरा ह्यांनीही गाडी थरथरते. म्हणून साक्षी जमवाव्या लागतात, आणि ज्या फुकट मिळतात त्या आधी.

पहिली साक्ष रेडिएटरची. गाडी पूर्ण थंड असताना पाणी भरून खूण करावी. बाहेर कोठे गळती नसता रोज पाणी कमी होत असेल तर ते आत जाते आहे. मग झाकण काढून थंड इंजिन सुरू करावे. पाण्यात बुडबुडे सारखे येतच राहिले, तर जळालेला वायू पाण्यात घुसतो आहे. गरम इंजिनचे झाकण मात्र कधीही उघडू नये. नगर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंच; येथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. झाकणाचा दाब गेला की उकळते पाणी तोंडावर येते.

दुसरी साक्ष ऑईलची. पट्टी काढून पाहावी. ऑईल दुधाळ दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे. मग गाडी एक फर्लांगही चालवू नये, बेअरिंगे जातील. केवळ झाकणाखाली थोडा पांढरा फेस असेल, तर तो थंडीतील दमटपणाचाही असू शकतो.

तिसरी साक्ष प्लगांची. जुन्या गाडीत इंजिन चालू असता इन्सुलेशनच्या पकडीने एकेका प्लगची वायर क्षणभर काढावी. जिची वायर काढूनही चालीत फरक पडत नाही, ती सिलिंडर आधीच संपावर आहे! नव्या इलेक्ट्रॉनिक गाड्यांत हा प्रयोग करू नये. चारही प्लग काढून शेजारी ठेवावेत. तिघांवर काजळी किंवा तांबूस रंग आणि एक धुतल्यासारखा स्वच्छ, तर तेथेच पाणी जाते आहे. शेवटी मिस्त्रीकडून कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. लगतच्या दोन सिलिंडरांत ते पडलेले असेल, तर त्या दोहोंमधील गॅस्केट फुटले असे बहुधा समजावे. आणि सकाळी स्टार्टर अडकला तर जबरदस्ती करू नये. पाणी दाबले जात नाही. पिस्टन त्यावर आदळला की कनेक्टिंग रॉड वाकतो. मग मात्र "इंजिन गेले" हे खरे ठरते.

एवढ्या साक्षी एका दिशेने बोलल्या तरच हेड खोलावे. रेडिएटरात हळद किंवा बाजारातील पूड टाकून वेळ मारून नेण्याची चाल आपल्याकडे आहे. तिने बारीक नळ्या तुंबतात आणि दुखणे वाढते. हेड खोलल्यावर त्यावर सरळ पट्टी धरून वाक तपासावा, गरज असेल तर फेसिंग करून घ्यावे, बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, ठरलेल्या क्रमाने व टॉर्क पान्यानेच आवळावेत. अंदाजाने आवळलेले हेड पुन्हा खोलावे लागते.

आणि नवे गॅस्केट बसवून चौकशी संपत नाही. गॅस्केट का फुटले? फॅन बेल्ट सैल होता काय? थर्मोस्टॅट अडकला होता काय? बोअरच्या जड पाण्याने रेडिएटरात क्षार बसले होते काय? घाटात इंजिन तापल्यावर कोणी त्यावर थंड पाणी ओतले होते काय? हे कारण तसेच राहिले तर नवा पत्राही जुन्याच्याच वाटेने जाईल. कारखान्यात यंत्राने कामगाराचे बोट तोडले की कामगार बेसावध होता असे लिहून फाईल बंद करतात, आणि दुसऱ्या महिन्यात दुसऱ्याचे बोट जाते. गोष्ट तीच आहे.

गाडीमालकांना आमची विनंती आहे. गॅरेजात जाताना "इंजिन गेले" असे सांगू नका. धूर कधी येतो, किती वेळ राहतो, पाणी किती कमी होते, हे आठ दिवस टिपून तो कागद मिस्त्रीच्या हाती द्या. तपासण्याच्या मजुरीला नाही म्हणू नका. विचार करणे हेही काम आहे, आणि त्याचेही दाम असते. मिस्त्रीबंधूंनीही काढलेला सुटा भाग मालकाला दाखवून दोष समजावून द्यावा. मालकाचा पैसा, मिस्त्रीची अब्रू आणि त्या पोराचा पगार, तिन्ही त्याने वाचतील.