अजय-अतुल : लोकलय आणि वाद्यवृंद

लोकसंगीत व जनप्रिय संगीत यांच्या संयोगाचा विचार करताना अजय व अतुल गोगावले या बंधूंची कारकीर्द महत्त्वाची ठरते. ‘अगं बाई अरेच्चा!’ (२००४) या चित्रपटाने त्यांची ओळख व्यापक झाली. ‘जोगवा’साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार लाभला. ‘सैराट’ (२०१६) मध्ये ग्रामीण मिरवणुकीचा ठेका आणि हॉलीवूडमध्ये ध्वनिमुद्रित झालेला सिंफनी वाद्यवृंद एकत्र आले. तथापि या संगीताचा प्राण बोलीत आहे. ‘धडक’ (२०१८) मध्ये ‘झिंगाट’ हिंदीत गेले. चाल तीच राहिली, गावरान मराठीचा ठसका मात्र उरला नाही. शिवाय ही लोकधारा मुख्यत्वे देशावरची : गोंधळ, जोगवा, लावणी. नंदुरबार जिल्ह्यातील काठीच्या होळीत घुमणारा सातपुड्याचा ढोल ऐकलेल्या अभ्यासकास तिची ही मर्यादा सहज जाणवते.