घरच्या घरी गॅरेज (भाग 7) : हेड उतरवताना

गेल्या आठवड्यात आपण निदानापाशी थांबलो होतो. ऑइलच्या झाकणाखाली सायीसारखा पांढुरका थर, रेडिएटरमध्ये बुडबुडे, तिसऱ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन पडलेलं. पाणी आणि ऑइल एक झालं, म्हणजे हेड गॅस्केट गेलं. आज हेड खाली घ्यायचं आणि सुटं करायचं.

गाडी आपली तीच, वडिलांच्या वेळची कार्ब्युरेटरवाली मारुती 800. हात बसवायला हे इंजिन उत्तम. 796 सीसी, तीन सिलिंडर, एक कॅम, सहा व्हॉल्व्ह. ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचं. तापल्यावर अॅल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, त्यामुळे गाडी उकळली की दोघांच्या ओढाताणीत मधलं गॅस्केट भरडलं जातं. म्हणून इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय हेडच्या बोल्टला पाना लावू नका. गरमागरम सोडलेलं हेड वाकडं होतं.

सायलेन्सरकडचे गंजलेले नट आदल्या रात्रीच गंज सोडवायच्या तेलात भिजवून ठेवा. सकाळी पहिल्यांदा बॅटरीची अर्थ काढा, मग कूलंट भांड्यात सोडा. ते चवीला गोड आणि विषारी असतं, तेव्हा कुत्र्या-मांजरांपासून लांब ठेवा. एअर फिल्टर, पेट्रोलची नळी, व्हॅक्यूमचे पाइप, प्लगच्या वायरी काढताना प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना कागदी चिकटपट्टी लावून एकच आकडा घाला. फोटो काढाच, पण फोटोत एकामागचा दुसरा पाइप लपतो. आकडा लपत नाही.

टायमिंग बेल्ट उतरवण्याआधी कॅम आणि क्रँक दोन्हींच्या खुणा जुळवून घ्या. त्यानंतर दोघांपैकी एकालाही हात लावायचा नाही. मग टॅपेट कव्हर काढा, रॉकरचे स्क्रू सैल करा आणि हेडच्या बोल्टकडे वळा. कडेचे आधी, मधले शेवटी, समोरासमोरचे आलटूनपालटून. एका फेरीत प्रत्येकाला अर्धाच आटा. बोल्टचा पहिला ‘कट्ट’ ऐकून छातीत धस्स होतं, पण तो तुटल्याचा आवाज नसतो, सुटल्याचा असतो.

बोल्ट निघाले तरी हेड चिकटून बसतं. इथे स्क्रूड्रायव्हर खुपसायचा मोह होतोच. त्याचा एक ओरखडा म्हणजे पुढची गळती. रबरी हातोड्याने कडेला ठोका, हेड हलवा आणि दोघांनी मिळून सरळ वर उचला. काढलेलं हेड फरशीवर पालथं टाकू नका, कारण उघडे राहिलेले व्हॉल्व्ह वाकतात. दोन लाकडी ठोकळ्यांवर ठेवा.

आता खाली वाकून बघा. आमच्या गाडीत पहिले दोन पिस्टन काजळीने काळे होते आणि तिसरा घासलेल्या पातेल्यासारखा लख्ख. आत शिरलेल्या पाण्याची वाफ काजळी धुऊन नेते. गॅस्केटवरही दुसऱ्या-तिसऱ्या सिलिंडरच्या मधे बोटभर जळका पट्टा होता. ही खूण दिसल्याशिवाय गॅस्केट फेकू नका.

हेड सुटं करण्यापूर्वी एक खोका घ्या. मी मिठाईचा घेतला, त्यावर हेडचा आराखडा काढला आणि सहा भोकं पाडून नंबर घातले. कारखान्यातून निघताना हे व्हॉल्व्ह आपापल्या जातीत एकसारखेच होते. वर्षानुवर्षं आपापल्या सीटवर आपटून आणि आपापल्या गाइडमध्ये घासून आता प्रत्येकाचं घर ठरलंय. अदलाबदल केली तर बसणार नाहीत असं नाही, पण गळतील. रॉकर आणि स्प्रिंगलाही हाच नियम.

रॉकरचे शाफ्ट आणि कॅम निघाले की चष्मा लावा. रिटेनरवर गोटी ठेवून हलकी टिचकी मारा, म्हणजे आतले लॉक मोकळे होतात. मग क्लॅम्पने स्प्रिंग दाबायची आणि चुंबकाने दोन्ही लॉक उचलायचे. अर्ध्या नळीच्या आकाराचे, तुरीच्या डाळीएवढे, असे एकूण बारा. माझा एक उडाला, शेजारच्या स्कूटरवर ‘टण्’ वाजला आणि त्या आवाजाच्या दिशेने अर्धा तास रांगल्यावर सापडला. व्हॉल्व्ह बाहेर ओढण्याआधी दांड्याच्या टोकाला बोट फिरवा. तिथे ओठ आला असेल तर कानशीने घासा, नाहीतर तो जाताजाता गाइड ओरबाडतो.

शेवटी हेडचा तळ साफ करून त्यावर सरळ पोलादी पट्टी उभी धरा. लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर. 0.05 मिमीचं पातं पट्टीखालून सरकायला नको. आमच्या हेडवर मधोमध 0.10चंही सरकलं. म्हणजे हेड लेथवाल्याकडे.

पुढच्या आठवड्यात फेसिंग आणि व्हॉल्व्ह घासणं. तोवर मिठाईचा खोका कपाटावर आहे आणि त्यात मिठाई नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय.