एका सिस्टरमागे किती पेशंट?

महाराष्ट्रातल्या सरकारी परिचारिका २०२२ च्या मे महिन्यात संपावर गेल्या. बातम्यांचा सूर ठरलेला होता: शस्त्रक्रिया लांबल्या, रुग्णांचे हाल झाले, सेवा कोलमडली. नर्सभरती कंत्राटदारामार्फत नको, ही त्यांची मोठी मागणी होती आणि ती नोकरीच्या सुरक्षिततेची मागणी म्हणूनच वाचली गेली. वॉर्डात किती सिस्टर असाव्यात, त्यांच्या पाळ्या कशा लागाव्यात, त्यांच्याकडून कोणती कामं करून घ्यावीत, हे सगळं आपल्याकडे आस्थापना विभागाचं खातं समजलं जातं. रुग्णालयाची गुणवत्ता सांगताना आपण डॉक्टरांची नावं सांगतो, मशीनं सांगतो, खाटांची संख्या सांगतो. खरं तर पेशंट बरा होऊन घरी जाणार की नाही, हे बऱ्याच अंशी पाळीला हजर असलेल्या नर्सच्या संख्येवर अवलंबून असतं. गेल्या पंचवीस वर्षांत याचा इतका पुरावा जमला आहे की या प्रश्नाला आता फक्त कर्मचाऱ्यांचा प्रश्न म्हणता येणार नाही. त्याच पुराव्यातून आणखी एक गोष्ट दिसते आणि संघटना व सरकार या दोघांनाही ती थोडी अडचणीची आहे: नुसती माणसं वाढवून भागत नाही.

पुराव्याची सुरुवात अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातून करावी लागते. लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या १६८ रुग्णालयांतल्या शस्त्रक्रिया झालेल्या २ लाख ३२ हजार रुग्णांची माहिती आणि दहा हजारांवर नर्सची उत्तरं एकमेकांशी ताडून पाहिली. २००२ साली निष्कर्ष छापून आला: एका नर्सकडे सरासरी एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. चार रुग्णांऐवजी आठ असतील, तर हा फरक ३१ टक्क्यांवर जातो. पुढे युरोपातल्या नऊ देशांतल्या ३०० रुग्णालयांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. देश वेगळे, आरोग्यव्यवस्था वेगळ्या, पण आकडा पुन्हा ७ टक्क्यांच्याच आसपास आला.

हे घडतं कसं, ते समजून घेण्यासारखं आहे. नर्स कमी असल्या म्हणून गुंतागुंत प्रत्येक वेळी वाढतेच असं नाही; ती वेळेत कुणाच्या लक्षात येत नाही. या क्षेत्रातले संशोधक 'वाचवण्यातलं अपयश' वेगळं मोजतात: ज्यांच्यात गुंतागुंत झाली, त्यांच्यातले किती दगावले? आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतरचा तिसरा-चौथा दिवस घ्या. टाका आतून गळायला लागला, तर सुरुवातीला काही नाट्यमय घडत नाही. नाडी ८४ वरून १०८ वर जाते. मिनिटाला १८ होणारे श्वास २४ होतात. लघवीच्या पिशवीत तीन तासांपूर्वी होती जवळपास तेवढीच लघवी दिसते. पेशंट चुळबुळ करतो, 'बरं वाटत नाहीये' एवढंच म्हणतो. ताप कदाचित नसतोही. यातली एकेक गोष्ट वेगळी पाहिली तर किरकोळ वाटते. चारही गोष्टी एकाच नजरेला एकाच वेळी दिसल्या तर निवासी डॉक्टरला उठवावं लागतं. ती नजर सिस्टरची असते, कारण डॉक्टर राउंडला येऊन जातो आणि सिस्टर वॉर्डात थांबते. तिच्याकडे पाच-सहा पेशंट असतील तर ती श्वास मोजते. पंचवीस असतील तर तक्त्यावर आधीचाच आकडा पुन्हा लिहिला जातो, आणि सकाळच्या राउंडला पेशंट शॉकमध्ये सापडतो. तक्ता मात्र व्यवस्थित भरलेला असतो.

कामाचा भार वाढला की काय गळतं याचाही अभ्यास झाला आहे. इंजेक्शनं आणि सलाइन सहसा चुकत नाहीत, कारण ती कागदावर दिसतात आणि त्यांचा जाब विचारला जातो. गळतं ते ज्याची नोंद होत नाही: पेशंटशी बोलणं, त्याला कुशीवर वळवणं, तोंडाची स्वच्छता, घरी गेल्यावर काय करायचं ते समजावणं. बेडसोर होतात ते इथून, आणि औषध अर्धवट सोडून पंधरा दिवसांनी पुन्हा भरती होणारा पेशंटही इथूनच निघतो.

यावरचा पहिला आक्षेप रास्त आहे. जिथे नर्स जास्त तिथे पैसाही जास्त, डॉक्टरही चांगले, उपकरणंही नवी. मग श्रेय एकट्या नर्सना कसं द्यायचं? या शंकेला दोन चांगली उत्तरं मिळाली आहेत. अमेरिकेतल्याच जॅक नीडलमन यांच्या गटाने २०११ मध्ये रुग्णालयांची आपसात तुलना करणंच टाळलं. एकाच मोठ्या रुग्णालयातल्या जवळपास दोन लाख भरतींचा त्यांनी पाळीनिहाय माग काढला. इमारत तीच, डॉक्टर तेच, यंत्रं तीच. ठरलेल्या संख्येपेक्षा नर्स कमी असलेल्या पाळ्या ज्यांच्या वाट्याला जास्त आल्या, त्यांच्यात मृत्यूचा धोका वाढलेला दिसला. नव्या भरती आणि डिस्चार्जची धांदल असलेल्या पाळ्यांच्या बाबतीतही तेच दिसलं. दुसरं उत्तर ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचं. तिथे २०१६ मध्ये कायद्याने दिवसा चार रुग्णांमागे एक आणि रात्री सातांमागे एक नर्स असं किमान प्रमाण ठरवलं गेलं. कायदा लागू झालेली २७ आणि न झालेली २८ रुग्णालयं यांची आधीची व नंतरची स्थिती तपासली गेली, आणि २०२१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले: मृत्यू, पुन्हा भरती होणं आणि रुग्णालयातले दिवस या तिन्ही बाबतींत कायद्याखालच्या रुग्णालयांची स्थिती इतरांपेक्षा चांगली राहिली. जास्तीच्या नर्सवर जेवढा खर्च झाला, त्याच्या दुपटीहून अधिक पैसा वाचल्याचा संशोधकांचा अंदाज होता.

आपल्याकडे निकष नाहीत असं नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातल्या जनरल वॉर्डसाठी तीन रुग्णांमागे एक नर्स आणि इतर सामान्य रुग्णालयांसाठी पाचांमागे एक, शिवाय रजा-सुट्ट्यांसाठी ३० टक्के जादा पदं, असं प्रमाण सांगितलेलं आहे. यातलं पहिलं प्रमाण कागदावर क्वीन्सलँडपेक्षाही चांगलं दिसतं. पण क्वीन्सलँडचा आकडा पाळीत उभ्या असलेल्या नर्सचा आहे, आपला पदांचा. तीस खाटांच्या वॉर्डला दहा पदं मिळाली की 'तिनास एक' पूर्ण झालं. ती तीन पाळ्यांत वाटली की सरासरी नऊ पेशंटमागे एक. सकाळी राउंड, ड्रेसिंग, तपासण्या, डिस्चार्ज असतात म्हणून पाच सिस्टर सकाळी लावाव्या लागतात, तीन दुपारी, उरल्या दोन रात्री: पंधरा पेशंटमागे एक. खाली गाद्या टाकून पेशंट पंचेचाळीसवर गेले की बावीस-तेवीस. आणि हा हिशेब सगळी पदं भरलेली आहेत, कुणी बाळंतपणाच्या रजेवर नाही, कुणाला दुसऱ्या विभागात पाठवलेलं नाही, असं धरून केलेला आहे. आकृतिबंधातला आकडा आणि रात्री दोन वाजताचा आकडा यांच्यातलं हे अंतर विधानसभेतल्या लेखी उत्तरात कधी दिसणार नाही, कारण उत्तर मंजूर पदांचं असतं आणि फार तर रिक्त पदांचं.

संख्या एवढी निर्णायक असेल तर भरती करा आणि मोकळे व्हा, असं कुणी म्हणेल. इथे एकेन यांच्याच गटाचा २०११ मधला एक निष्कर्ष आडवा येतो आणि मला तो सगळ्या साहित्यातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नर्समागचा एक रुग्ण कमी केला, तर कामाचं वातावरण उत्तम असलेल्या रुग्णालयांत मृत्यूची शक्यता सुमारे ९ टक्क्यांनी घटली, मध्यम ठिकाणी ४ टक्क्यांनी, आणि वातावरण वाईट असलेल्या रुग्णालयांत जवळजवळ काहीच फरक पडला नाही. वातावरण म्हणजे भिंतींचा रंग नव्हे. डॉक्टर नर्सचं ऐकून घेतात का, इनचार्ज सिस्टर पाठीशी उभ्या राहतात का, निर्णयांत मेट्रनच्या शब्दाला वजन आहे का, सामान हाताशी आहे का, अशा प्रश्नांच्या उत्तरांवरून ते मोजतात. अमेरिकेत नर्सटंचाई असताना १९८३ मध्ये एक पाहणी झाली होती. त्या टंचाईतही ज्यांच्याकडच्या नर्स सोडून जात नव्हत्या अशी ४१ रुग्णालयं तिने शोधली. तिथे नर्सच्या मताला किंमत होती, हे सूत्र समान निघालं.

आपल्या सरकारी वॉर्डात हे वातावरण काय असतं? अधिपरिचारिका औषधांचं इंडेंट भरते, चादरी मोजून लाँड्रीला देते, स्टॉक रजिस्टर जुळवते, बंद पडलेल्या मॉनिटरसाठी पत्र लिहिते, ट्रॉलीसाठी वॉर्डबॉय शोधते, रक्तपेढीला फोन लावते, संगणकावर नोंदी चढवते आणि 'आमच्या पेशंटकडे कुणी बघत नाही' म्हणून चढ्या आवाजात आलेल्या नातेवाइकांना तोंड देते. यातल्या बऱ्याच कामांना परिचर्येचं शिक्षण लागत नाही. इथे आणखी एक सिस्टर दिली तर आणखी एक कारकून मिळेल, श्वास मोजणारी नजर मिळेलच असं नाही. लिपिक आणि चतुर्थ श्रेणीची रिकामी पदं भरणं हादेखील नर्स वाढवण्याचा एक मार्ग आहे, आणि बहुधा सर्वांत स्वस्त.

वातावरणाचा दुसरा अर्थ म्हणजे भीती. अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात ६ नोव्हेंबर २०२१ रोजी अतिदक्षता विभागाला आग लागून अकरा रुग्णांचा जीव गेला, तेव्हा अटक झालेल्यांत एक वैद्यकीय अधिकारी आणि परिचारिका होत्या. कुणाची चूक किती हे न्यायालय ठरवेल. पण विजेची जोडणी आणि अग्निसुरक्षेची मंजुरी ही पाळीवरच्या नर्सच्या अधिकारातली कामं नसतात, हे कळायला न्यायालयाची गरज नाही. दोष शेवटच्या माणसावर येणार हे माहीत असलेल्या व्यवस्थेत कुणी आपणहून 'आज इथे धोका आहे' असं लिहून देत नाही. आणि लिहून दिलंच तर काय होतं, ते इंग्लंडमधल्या स्टॅफर्डच्या रुग्णालयात दिसलं. बचतीसाठी कर्मचारी कापले गेले, आपत्कालीन विभागातल्या एका नर्सने पुन्हा पुन्हा लेखी तक्रारी केल्या आणि तिलाच धमक्या मिळाल्या. २०१३ च्या फ्रान्सिस चौकशी अहवालात काय काय झालं ते छापून येईपर्यंत रुग्णांनी किंमत मोजलेली होती.

आता आपल्याकडचे खास आक्षेप. नर्स मिळतच नाहीत, असं म्हणतात. मे २०२० मध्ये करोनाच्या धामधुमीत महाराष्ट्राने केरळकडे ५० डॉक्टर आणि १०० नर्स मागितल्या होत्या, हे खरं. पण मुंबई-पुण्याची खासगी रुग्णालयं मल्याळी नर्सच्या बळावर चालतात आणि त्याच नर्स दोन-तीन वर्षांचा अनुभव घेऊन आखातात किंवा युरोपात जातात, याचं कारण पगारपत्रकात आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या केंद्रीय समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयांतही किमान २० हजार रुपये द्यावेत असं सुचवलं. केरळने तिथल्या नर्सच्या दीर्घ आंदोलनानंतर २०१८ मध्ये तशी अधिसूचना काढली. टंचाई असलेल्या मालाचा भाव चढतो म्हणतात. आपल्याकडे नर्सची टंचाई आणि कंत्राटी तुटपुंजा पगार सुखाने एकत्र नांदतात.

आपल्याकडे नातेवाईक असतातच की, हाही एक युक्तिवाद. पाणी पाजणं, पाय चेपणं, वॉर्डच्या बाहेर धावपळ करणं ते करतात आणि प्रेमाने करतात. पण श्वास २४ झाले की काळजी करावी, हे भावाला किंवा सुनेला कळणार कसं? ते सिस्टरच्या जागी उभे नसतात, तिच्या मदतीला असतात, आणि मदत घ्यायला आधी सिस्टर हवी.

सर्वांत कठीण आक्षेप वेगळाच आहे. ठरलेल्या प्रमाणाचा कायदा केला आणि प्रमाण बिघडलं, तर सरकारी रुग्णालयाने काय करायचं, पेशंट परत पाठवायचे? नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ऑक्टोबर २०२३ च्या आरंभी चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाले, त्यांत बारा नवजात बाळं होती. नवजात अतिदक्षता कक्षात क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त बाळं होती, कारण शेजारच्या जिल्ह्यांतून आणि खासगी रुग्णालयांतून शेवटच्या घटकेला ती तिथेच पाठवली जातात. अशा ठिकाणी दारं बंद करा असं कुणी म्हणणार नाही. क्वीन्सलँडची दुप्पट बचतही इथे जशीच्या तशी दिसणार नाही, कारण आपल्याकडे रिकामी झालेली खाट तासाभरात भरते. पण गर्दी थोपवता येत नाही म्हणून ती मोजायचीही नाही, हे पटण्यासारखं नाही. प्रमाण मोडलं गेलं याची त्या पाळीची नोंद झाली आणि ती वरपर्यंत गेली, तर तालुक्याच्या उपजिल्हा रुग्णालयात बाळांसाठी खाटा आणि सिस्टर का नाहीत हा प्रश्न मृत्यूंच्या आधी विचारता येतो. कायदा होईल तेव्हा तो पदांचा न होता पाळीचा व्हावा, एवढी काळजी मात्र घ्यावी लागेल.

तोवर एक गोष्ट कायद्याविना आणि जवळजवळ खर्चाविना करता येते. फ्रान्सिस अहवालानंतर इंग्लंडने २०१४ पासून प्रत्येक वॉर्डबाहेर त्या पाळीला किती नर्स हव्यात आणि किती आहेत हे फलकावर लिहायला सुरुवात केली. महाराष्ट्रातल्या प्रत्येक सरकारी, महापालिकेच्या आणि खासगी रुग्णालयाच्या वॉर्डबाहेर असा फलक असावा: आज रात्री पेशंट इतके, सिस्टर इतक्या. त्यासाठी एक फळा आणि आरोग्य विभागाचं एक परिपत्रक पुरेसं आहे. परिपत्रक निघेपर्यंत, पुढच्या वेळी घरातलं कुणी भरती कराल तेव्हा डॉक्टरांची डिग्री आणि खोलीचं भाडं विचारून झालं की काउंटरवर एवढंही विचारा: रात्री या मजल्यावर किती पेशंटमागे एक सिस्टर असते?