लोखंडाला पाणी का देतात?

इंजिनिअरिंगच्या पदवीत हल्ली ‘मायनर’ नावाची सोय असते. पदवी मुख्य विषयाचीच. सोबत दुसऱ्या विषयाचे साधारण १८ ते २० श्रेयांक जादा मिळवायचे. माझा भाचा मेकॅनिकलला आहे. तो विचारतो, ‘‘मामू, मटेरियल्स सायन्स घेऊ?’’

मी बी.ए. झालेला कवी. तरी विषय ओळखीचा निघाला. आमच्या सावलीकडे कुऱ्हाडीचं पातं लाल तापवून पाण्यात बुडवतात. त्याला ‘पाणी देणं’ म्हणतात. तापलेल्या पोलादात कार्बनचे अणू लोखंडाच्या अणूंमध्ये विखुरलेले असतात. एकदम थंड केलं, की त्यांना बाजूला व्हायला वेळच मिळत नाही. ते जागीच अडकतात आणि पातं कठीण होतं, पण ठिसूळही! म्हणून ते पुन्हा बेतानं तापवायचं. पदार्थ तोच, आतली रचना बदलली की गुण बदलतात. या शास्त्राचा गाभा हाच. मग ते सिमेंट असो, प्लास्टिक असो की कॉम्प्युटरची चिप.

यंत्र आखणाऱ्याला ते का मोडलं, हेही कळायला हवं ना? वैनगंगेपलीकडे सूरजागडचं लोहखनिज निघतं, कोनसरीत कारखाना उभा राहिला. तिथं आपली पोरं नुसते ट्रक चालवणार, की पोलाद तपासणार?

मायनरनं नोकरी मिळेलच, असं मात्र नाही. नागपूरच्या व्हीएनआयटीत किंवा आयआयटी मुंबईत हा मुख्य विषय म्हणून शिकलेली मुलं पुढं असणारच. आणि ज्याचे पहिल्या वर्षाचेच पेपर राहिलेत, त्यानं हा जादा भार उचलू नये.