करोडगिरीचा नाका आणि पंचवीस किलोची पिशवी

बार्शीहून लातूरकडे निघालेली गाडी पांगरी सोडून येडशीला येते. आज मध्ये फक्त जिल्ह्याची हद्द लागते. १९४७ पर्यंत मात्र पांगरी इंग्रजी मुलखात होती आणि येडशी निजामाच्या. बोली एक, सोयरीक एक, ज्वारीसुद्धा एकच. पण माल इकडून तिकडे न्यायचा म्हटला की करोडगिरी भरावी लागे.

करोडगिरी म्हणजे संस्थानची जकात. १८०२ साली निजाम आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात व्यापारी तह झाला. त्यात हा दर किमतीवर शेकडा पाच ठरला. शेकडा पाच म्हणजे काय मोठेसे, असे कोणी म्हणेल. पण तो भार कोणाच्या डोक्यावर बसतो ते पाहा. आपल्याकडचा कापूस बार्शीला जाई आणि तेथून मुंबईला. मुंबईचा भाव काही येडशीच्या शेतकऱ्याला विचारून ठरत नसे. समजा, बार्शीत मालाला शंभर रुपये येणार आहेत. व्यापारी त्यातून गाडीभाडे कापी, हमाली कापी, आपला नफा कापी आणि करोडगिरीचे पाचही कापी. उरेल ते शेतकऱ्याच्या हातावर. उलट बाजूने रॉकेल आले, कापड आले, की दुकानदार तेच पाच किमतीवर चढवी. नाक्यावर पैसे मोजले व्यापाऱ्याने. सोसले मात्र शेतकऱ्याने, जाताना एकदा आणि येताना एकदा.

अर्थशास्त्रात कर भरणारा आणि कर सोसणारा असे दोघे वेगळे मानतात, ते याचसाठी. ज्याला थांबता येते तो कर पुढे ढकलतो. ज्याच्या घरी माल ठेवायला जागा नाही आणि सावकाराचा हप्ता तोंडावर आहे, त्याच्याकडे तो येऊन बसतो.

१८९७ साली बार्शीपर्यंत आलेली छोटी रेल्वे पुढे वाढत १९११ साली लातूरला पोचली. त्यामुळे वाहतूक स्वस्त झाली, पण करोडगिरी होती तशीच राहिली. त्यात नाणीही दोन होती: इकडे हाली शिक्का, तिकडे कलदार. शंभर कलदारांना सुमारे ११६ हाली मोजावे लागत. मोडीच्या या हिशोबात अडाणी माणूस किती नाडला गेला असेल, त्याची नोंद कोणत्याही वहीत सापडायची नाही! १९४७-४८ च्या मुक्तिलढ्यात सरहद्दीवरच्या पथकांनी करोडगिरीची नाकी जाळली, त्यामागे राजकारण होतेच. पण लोकांचा हा जुना रागही होता. पुढे १९५० साली राज्यघटनेच्या ३०१ व्या कलमाने देशभर व्यापार मोकळा ठेवण्याचे तत्त्व आले आणि संस्थानी जकाती टप्प्याटप्प्याने उठल्या.

आता नाका रस्त्यावर नाही, तो बिलावर आहे. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर, म्हणजे जीएसटी, लागू झाला. नियम धंद्याला कसे वळण लावतात, याचा एक मासला बघा. १८ जुलै २०२२ पासून धान्य, पीठ, गूळ यांच्या आधीच बांधलेल्या आणि छाप असलेल्या २५ किलोपर्यंतच्या पिशवीवर शेकडा पाच कर बसला. सुट्या मालावर नाही, त्याहून मोठ्या पोत्यावरही नाही. झाले! थोड्याच दिवसांत बाजारात २६ किलोची तांदळाची पिशवी आली. गिऱ्हाइकाची भूक काही एका किलोने वाढली नव्हती. नियमाने जेथे रेघ ओढली, तेथे व्यापाऱ्याने पाऊल उचलून पलीकडे टाकले.

दुसरी रेघ लहान दुकानदारासाठी आहे. १ एप्रिल २०१९ पासून फक्त मालाची विक्री करणाऱ्याला वर्षाला ४० लाखांपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. त्यापुढे दीड कोटीपर्यंत 'कंपोझिशन' नावाची सोपी वाट आहे. व्यापाऱ्याने उलाढालीवर शेकडा एक भरला की पुरे. पण या वाटेने जाणाऱ्याला दुसऱ्या राज्यात माल विकता येत नाही. म्हणजे आपल्याच जिल्ह्यातला उमरग्याचा लहान व्यापारी बसवकल्याणच्या दुकानाला माल पाठवू शकत नाही. त्याच्यापुरती जुनी सरहद्द पुन्हा उभी राहिली, असे मला वाटते, आणि ही अट सैल व्हायला हवी.

शेतकऱ्याचे काय? व्यापारी खरेदीवर भरलेला कर आपल्या विक्रीच्या करातून वळता करून घेतो. शेतकऱ्याच्या सुट्या ज्वारीवर करच नाही, म्हणून वळते करायला जागाही नाही. खतावर १२ टक्के कर येणार होता. शेवटच्या घटकेला, ३० जून २०१७ रोजी, तो पाचावर आला. ट्रॅक्टरवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून बारावरून पाचावर उतरला. तरी हे पाच शेतकऱ्याचेच. त्याला ते भावात चढवता येत नाहीत, कारण भाव तो ठरवत नाही.

खताच्या पावतीवर कराची रक्कम वेगळी छापलेली असते. शिक्षकबंधूंनी शेकडेवारीच्या तासाला मुलांना घरून एका हंगामाच्या पावत्या आणायला सांगाव्यात आणि करांची बेरीज त्यांच्याकडूनच फळ्यावर करून घ्यावी.