घर गावात, यजमान पुण्यात

पाथरी, गंगाखेड, सेलू, जिंतूर, परभणी जिल्ह्यातील अशा कोणत्याही जुन्या गावाच्या पेठेतून फिरताना एक दृश्य हमखास दिसते. घडीव दगडाचे जोते, त्यावर पांढऱ्या मातीच्या रुंद भिंती, माळवदाचे छत, नक्षीदार चौकट आणि त्या चौकटीतल्या दाराला कुलूप. या घरातील एक पिढी येथेच शेती, व्यापार किंवा वकिली करून गेली. पुढची पिढी शिक्षणासाठी औरंगाबादेस गेली. तिच्या पुढची पुण्या-मुंबईत नोकरीला लागली आणि तेथेच स्थिरावली. कुळधर्माला किंवा शेताचा हिशेब करायला कोणी आले, तरच ते दार उघडते. माळवदाच्या घराला असे बंद राहणे मानवत नाही. रोज केर निघाला आणि दर पावसाळ्यापूर्वी वर माती टाकून ती चोपली गेली, तर ते पिढ्यान्‌पिढ्या उभे राहते; दोन-तीन पावसाळे दुर्लक्ष झाले, की तुळई कुजू लागते आणि वाळवी भिंतीतून वर चढते.

अशा वाड्यांच्या मालकांपुढे गेल्या काही वर्षांत एक नवा मार्ग आला आहे. २००८ साली सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेल्या एअरबीएनबीसारख्या कंपन्यांनी राहते घर एक-दोन रात्रींसाठी परक्या पाहुण्याला देण्याचा व्यवहार जगभर रूढ केला. मालकाने दूर बसून मोबाइलवर आरक्षण स्वीकारावे, पैसे बँकेत जमा व्हावेत, आकड्यांच्या कुलपाचा क्रमांक पाहुण्याला कळवावा आणि पाहुणा गेल्यावर कोणी तरी येऊन घर झाडून घ्यावे. कोकणात, गोव्यात, लोणावळ्यात हे आता नवलाचे राहिलेले नाही. भाडेकरू ठेवला तर घर हातचे जाईल, या जुन्या धास्तीपोटी घर कुलपात ठेवणाऱ्या मालकाला तर दोन रात्रींचा पाहुणा विशेष निर्धोक वाटतो. परंतु या वर्णनात ‘कोणी तरी’ हा जो शब्द सहज येऊन जातो, त्यातच साऱ्या व्यवहाराचे मर्म आहे. आणि नेमका त्याचाच विचार मालक सर्वांत शेवटी करतो.

पाहुणा कोण?

परभणीला समुद्र नाही, थंड हवेचे ठिकाण नाही. औंढा नागनाथाचे ज्योतिर्लिंग एकेकाळी याच जिल्ह्यात होते. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि ते तिकडे गेले. तरीही येथे माणूस येतो. संत जनाबाईंचे गाव म्हणून आणि गोदावरीच्या स्नानासाठी तो गंगाखेडला येतो. जिंतूरजवळ नेमगिरीच्या जैन लेण्यांचे दर्शन घ्यायला येतो. फेब्रुवारीत परभणीच्या तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसाला सर्व धर्मांचे लोक येतात. १९७२ साली स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठात मुलांना पोचवायला पालक येतात. चारठाण्याची मंदिरे आणि वालूरची चक्राकार बारव पाहणारे हौशी अभ्यासकही आता वाढले आहेत.

पाथरीची गोष्ट थोडी निराळी. साईबाबांचे जन्मस्थान म्हणून या गावाच्या विकासासाठी शंभर कोटी रुपये देण्याची घोषणा जानेवारी २०२० मध्ये राज्याच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी केली, त्यावरून वाद पेटला आणि १९ जानेवारीला शिर्डी बंद राहिली. जन्मस्थानाच्या प्रश्नाचा निवाडा येथे करण्याचे कारण नाही. भाविक पाथरीला येतात, हे खरे. परंतु घोषणेच्या भरवशावर कर्ज काढून घर सजवणारा मालक घोषणेइतकाच अधांतरी राहतो, हेही तितकेच खरे.

या साऱ्या पाहुण्यांचे एक समान लक्षण आहे. ते यात्रेला, उरुसाला, लग्नसराईला, एकादशीला एकदम येतात आणि एरवी फिरकत नाहीत. शिवाय ते जोडप्याने विश्रांतीसाठी येत नाहीत. आजी, नातवंडे, चुलते असा आठ-दहा जणांचा मेळा येतो, एक रात्र राहतो आणि पहाटे उठून निघतो. घर कसे मांडावे, हे या पाहुण्यावरून ठरायला हवे. प्रत्यक्षात ते पुण्यातल्या मालकाने मोबाइलवर पाहिलेल्या छायाचित्रांवरून ठरते.

सामानाचा विवेक

छायाचित्रात पांढऱ्या शुभ्र चादरी, काचेचे टेबल आणि बुटका सोफा शोभून दिसतो. काळ्या मातीच्या मुलखात पावसाळ्याच्या पहिल्याच आठवड्यात त्या चादरींचे काय होते, हे धुणारीला विचारावे. येथे दाराशी पाय धुण्याची सोय आणि गडद रंगाची जाड सुती पांघरुणे यांचे मोल सोफ्याहून अधिक. पलंग दोन पुरेत, पण गाद्या दहा हव्यात. प्लायवूडचे कपाट वाळवीच्या घशात जाते. त्यापेक्षा लोखंडी खाट, भिंतीतले जुने कोनाडे आणि खुंट्यांची एक लांब पट्टी बरी. गुडघे धरलेल्या आजीसाठी एक तरी उंच बैठकीचे शौचकूप आणि त्याच्या बाजूला भिंतीत घट्ट बसवलेली दांडी हवी. उपवासाचे खाणारे कुटुंब हॉटेलवर अवलंबून राहत नाही. त्याला शेगडी, मोठे पातेले, तवा आणि पोळपाट-लाटणे लागते.

मे महिन्यात परभणीचा पारा ४३ अंशांच्या वर जातो. जाड भिंतींच्या माळवदी घरात तेव्हाही दुपार सुसह्य होते, हे त्या वास्तूचे मोठे भांडवल आहे. वर सिमेंटचा गिलावा चढवून आणि खिडक्या काचांनी बंद करून ते घालवणे शहाणपणाचे नव्हे. गारव्यासाठी कूलर पुरतो, पण कूलरची टाकी कोणी तरी भरावी लागते. इन्व्हर्टर वीज गेल्यावर उपयोगी पडतो, पण त्याच्या बॅटरीतले पाणी कोणी तरी पाहावे लागते. बोअरच्या जड पाण्याने गिझरमध्ये क्षार साचतात, तेही कोणी तरी काढावे लागतात. दूर राहणाऱ्या मालकासाठी यातून एक साधा नियम निघतो: जी वस्तू गावात दुरुस्त होत नाही, ती गावातल्या घरात ठेवू नये. पुण्याहून मिस्त्री बोलावून घर चालत नाही.

दूर बसून काय होते?

दूर बसून पुष्कळ काही होते. आरक्षण, दर, ओळखपत्रांची नोंद, विजेचे बिल, जमाखर्च ही कामे पुण्यातून होतात, कदाचित अधिक नेटकी होतात. परंतु मुंबईहून रात्री निघालेली देवगिरी एक्स्प्रेस सकाळऐवजी दुपारी परभणीला पोचली, तर त्या पाहुण्यांना गरम जेवण पुण्यातून मिळत नाही. मध्यरात्री कोणी मोरीत घसरून पडले, तर डॉक्टरचे दार ठोठावायला शेजारचाच माणूस लागतो. पाहुण्यांनी दारू पिऊन गोंधळ घातला, तर गल्ली मालकाला शोधते. आणि मालकाच्या जागी तिला आकड्यांचे कुलूप भेटते.

कायद्याने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. इंग्रज सरकारचा १८६७ चा सराय कायदा पोलिसी दृष्टीने केलेला असला, तरी सराय चालवणाऱ्याची कर्तव्ये त्यात नेमकी सांगितली आहेत. खोल्या, ओसऱ्या, गटारे आणि विहिरी स्वच्छ ठेवाव्यात. चोराला आत उतरता येईल अशा झाडाच्या फांद्या तोडाव्यात. छप्पर व भिंती दुरुस्त राखाव्यात. पुरेसे पहारेकरी ठेवावेत. कोणी साथीच्या रोगाने आजारी पडल्यास पोलीस ठाण्यास तात्काळ कळवावे. आणि दरांचा तक्ता लावावा. यातील दरांचा तक्ता तेवढा दुरून लावता येतो. बाकी सर्व कामांना तेथे हजर माणूस लागतो. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या निवास व न्याहारी योजनेतही मालकाच्या कुटुंबाने त्याच वास्तूत राहावे, अशी अट आहे. न्यूयॉर्क शहराने तर २०२३ पासून तीस दिवसांहून कमी मुदतीसाठी घर देताना यजमानाची उपस्थिती सक्तीची केली. परदेशी पाहुणा आल्यास त्याची माहिती चोवीस तासांत सरकारला द्यावी लागते, ती जबाबदारी वेगळीच.

म्हणजे दूर राहून परक्यांच्या निवासाची सोय करताच येत नाही काय? इतिहास तसे सांगत नाही. अहिल्याबाई होळकरांनी महेश्वरात बसून काशीपासून रामेश्वरापर्यंत धर्मशाळा, घाट आणि अन्नछत्रे चालवली. तेव्हा मोबाइल नव्हता, रेल्वेही नव्हती. त्यांनी इमारत बांधून देण्यावर काम सोडले नाही. पुढच्या खर्चाची कायमची तरतूद केली आणि व्यवस्थेला माणसे नेमली. अंतर हा दोष नव्हे. त्या टोकाला असलेल्या माणसाची तरतूद नसणे हा दोष आहे.

किल्ली सांभाळणारी

आज त्या टोकाला कोण असते? बहुधा शेजारची एखादी विधवा, शेत वाट्याने करणाऱ्याची बायको किंवा घरातल्या जुन्या गड्याची सून. पाहुणा आला तर तिला झाडलोटीचे पैसे मिळतात, न आला तर काही नाही. पाहुण्याने घराला किती तारे द्यावेत, हे तिच्या हातावर ठरते. पण पाहुणा कोण येणार हे तिला आदल्या रात्री कळते. नळ गळू लागला, तर दोनशे रुपये खर्चायला तिने पुण्याला विचारायचे, आणि फोन लागला नाही तर शिव्या तिनेच खायच्या. मालकाच्या हिशेबात ती ‘सफाई’ या सदरात असते. वस्तुतः त्या घराची यजमान तीच आहे. फक्त तिला तसे कोणी म्हणत नाही.

हा व्यवहार टिकायचा असेल, तर तो या ठिकाणी बदलला पाहिजे. पाहुणा येवो न येवो, तिला दरमहा ठरलेली रक्कम मिळाली पाहिजे, कारण घर उघडणे, हवेशीर ठेवणे आणि माळवद गळते काय हे पाहणे ही कामे रिकाम्या महिन्यांतही चालूच असतात. प्रत्येक मुक्कामात तिचा वाटा असावा. किरकोळ दुरुस्तीसाठी न विचारता खर्चण्याची रक्कम तिच्याजवळ असावी. अपरात्री आलेल्या, नशेत असलेल्या पाहुण्याला दार न उघडण्याचा अधिकार तिला असावा, आणि हे सारे कागदावर लिहिलेले असावे.

यावर मालक म्हणतील, की वर्षातून मोजके मुक्काम होतात, एवढे द्यायचे कोठून? आक्षेप खोटा नाही. परंतु हिशेब बसत नसेल, तर तोटा नाहीसा होत नाही. तो त्या बाईच्या न मिळालेल्या मजुरीत जाऊन बसतो. अशा घराने पाहुण्यांच्या फंदात न पडता विद्यार्थ्यांना किंवा शिक्षकाच्या कुटुंबाला लेखी करारावर द्यावे. बार्सिलोनासारख्या शहराने २०२४ मध्ये पर्यटकांसाठीच्या सदनिकांचे परवाने २०२८ पर्यंत संपवण्याचे जाहीर केले, ते रहिवाशांना घरे उरेनात म्हणून. परभणीचे दुखणे उलटे, घरे आहेत आणि माणसे नाहीत. तेव्हा वर्षभर दिवा लावणारे कुटुंब मिळत असेल, तर ते चार रात्रींच्या पाहुण्याहून श्रेष्ठ.

शेगावच्या गजानन महाराजांची पालखी आषाढीला पंढरपूरकडे जाताना याच जिल्ह्यातून जाते. परभणी, दैठणा, गंगाखेड येथे वारकऱ्यांसाठी घराघरांची दारे उघडतात. भाड्याच्या घराने त्या सेवेची बरोबरी सांगू नये. पैसे घेऊन केलेली सोय हा व्यवहारच आहे. पण पाहुण्याला घर म्हणजे काय वाटते, हे त्या मुक्कामात दिसते. उशिरा पोचलेल्या वारकऱ्याला आधी गाठते ते दारात कंदील घेऊन उभे असलेले माणूस, छप्पर नंतर. पुण्यातल्या मालकाने घर सजवण्यापूर्वी त्या दारात कोण उभे राहणार हे ठरवावे, आणि जी उभी राहील तिचे देणे आधी चुकते करावे.